कर्णा, गोधडी आणि आवाज : घरगुती ध्वनिमुद्रणसाधनांचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाला बोलाविले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा नाटकावर बोलेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता सुताराचा किंवा शिंप्याचा वाटेल. माणसाचा गाता किंवा बोलता आवाज टिपून ठेवण्यासाठी लोकांनी घरच्या घरी, थोड्या पैशांत, काय काय उपकरणे केली आणि त्यांमागे कोणते शास्त्र होते, हा तो विषय होय. या विषयाचा सिल्वासाशी निकटचा संबंध आहे. तो १९५४ सालचा आहे, आणि आजचाही आहे. या प्रदेशातील वारली, कोकणा, धोडिया पाड्यांवर जी गाणी वृद्ध स्त्रियांच्या कंठात आहेत, ती लिपीत उतरलेली नाहीत. ती टिपावयाची तर महागडा स्टुडिओ लागतो, ही समजूत मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकली आहे. ध्वनिमुद्रणाचा इतिहास या समजुतीच्या अगदी उलट साक्ष देतो.

आवाज टिपला गेला नाही म्हणजे काय हरवते, याचे मराठी माणसाला चटका लावणारे उदाहरण भाऊराव कोल्हटकरांचे आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या या गायक नटाच्या आवाजाची वर्णने आपण वाचली आहेत. त्या आवाजासाठी माणसे गाड्या जुंपून गावोगावहून येत. भाऊराव १९०१ मध्ये वारले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्याला उतरला तो १९०२ च्या हिवाळ्यात. मधले अंतर जेमतेम पावणेदोन वर्षांचे! त्यामुळे भाऊरावांचा आवाज आपल्याजवळ नाही, विशेषणे तेवढी आहेत. त्याच मंडळीत पुढे आलेल्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका मात्र घरोघर वाजल्या. त्यांच्या गाण्यावर वाद घालावयाचा तर तबकडी लावून घालता येतो.

गैसबर्गचा तो स्टुडिओ तरी कसा होता? हॉटेलातील खोली, भिंतीजवळ यंत्र, आणि त्यातून पुढे आलेला धातूचा एक लांब कर्णा. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्याच्या आवाजाच्या बळावर टोकाशी असलेला पातळ पडदा हलावयाचा, आणि पडद्याला जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची. आवाज लहानमोठा करण्याची कळ यंत्रावर नसे. ती गाणाऱ्याच्या पायात असे. तार सप्तकात जाताना मागे सरकावयाचे, खर्जात पुढे यावयाचे. हे ज्याला जमत नसे त्याला एखादा मदतनीस खांद्याला धरून मागेपुढे करी. धातूचा कर्णा स्वतःच विशिष्ट स्वरांना झणझणतो, ही मोठी अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून कर्ण्याभोवती कापडी पट्टी घट्ट गुंडाळीत. एका चिंधीने यंत्राचा खोटा स्वर मारला जाई आणि गाणाऱ्याचा खरा स्वर मागे उरे. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या घरगुती साधनांत मी या चिंधीची गणना करतो.

गोहरजान यांनी त्याच १९०२ मध्ये या कर्ण्यात गायिले. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव पुकारीत. तबकड्या त्या काळी जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कामगारांना कोणती मेणाची तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून ही सोय होती. या पुकाऱ्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता खोलीकडे वळू. आवाज टिपणाऱ्याच्या वाट्याला आवाज एकटा येत नाही. त्याच्याबरोबर भिंतींवरून परतणारे त्याचे पडसादही येतात. आपल्या पूर्वजांना याची जाण होती. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप डोंगरातील गुहेसारखा असावा, त्याच्या खिडक्या लहान असाव्यात, वारा आत शिरू नये, म्हणजे आवाज गंभीर होतो, असे सांगितले आहे. परंतु पडसाद किती, आणि तो कशाने किती कमी होतो, हे मोजण्याचे काम झाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तेही उशागाद्यांनी.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह १८९५ मध्ये उघडले, आणि त्यात व्याख्यात्याचे बोलणे कोणालाच कळेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे दुखणे सोपविण्यात आले. त्याच्याजवळ साधने होती ती अशी : ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचा कान. नळी वाजवून थांबविली की रिकाम्या दालनात तिचा स्वर सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. माणूस एवढ्या वेळात पंधरा-वीस अक्षरे बोलतो. ती सारी एकमेकांत कालवली जाणार हे उघडच आहे. सॅबाइनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बाकांवरच्या गाद्या रात्री सहायकांकरवी उचलून आणल्या. थोड्या गाद्या मांडावयाच्या, स्वर किती वेळ रेंगाळतो ते मोजावयाचे. आणखी मांडावयाच्या, पुन्हा मोजावयाचे. आणि पहाटेपूर्वी सगळ्या गाद्या परत नेऊन ठेवावयाच्या. सर्व गाद्या मांडल्यावर तो काळ सव्वा सेकंदाच्या आत आला. पुढे त्याच्या ध्यानात आले की स्वतःच्या अंगावरील कपडेही आवाज पितात, म्हणून त्याने प्रत्येक मोजणीला एकच पोशाख घालण्याचा नेम केला. या गाद्यांच्या हिशेबातून जे सूत्र निघाले ते आजही नाट्यगृहे बांधताना वापरले जाते, आणि ध्वनिशोषणाचे एक माप सॅबाइनच्या नावाने ओळखले जाते.

आपल्या घरात गादीचे काम गोधडी करते. परंतु ती कोठे टांगावी, यात बहुतेक लोक चुकतात. भिंतीवर चापून बसविलेली गोधडी आवाजातील तीक्ष्ण भाग तेवढा शोषते आणि खोलीचा घुमारा जसाच्या तसा राहतो. मग मुद्रण ऐकताना गाणारी व्यक्ती कांबळ्याखालून गात असावी असे वाटते. याचे कारण साधे आहे. भिंतीला लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत. हवा सर्वांत जास्त हलते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, आणि कापड आवाज पिते ते या हलत्या हवेला घासून. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा सेकंदाला ४०० कंपने असलेल्या स्वराची लांबी ८५ सेंटिमीटर, आणि तिचा चौथा हिस्सा सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. गोधडी भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगली की तीच गोधडी स्त्रीच्या आवाजाच्या मधल्या पट्टीपर्यंत कामास येते. ती टांगावी कोठे? एकाच दिशेने ऐकणारा मायक्रोफोन असेल तर गाणारीच्या पाठीमागे. कारण मायक्रोफोनचे तोंड तिकडे असते आणि तिच्या मागच्या भिंतीवरून येणारा पडसादच त्यात शिरतो. लोक हौसेने मायक्रोफोनच्या मागची भिंत झाकतात आणि गाणारीच्या मागची उघडी ठेवतात.

अंड्यांच्या कागदी ट्रेचाही येथे उल्लेख करतो, कारण हौशी ध्वनिमुद्रकांच्या खोल्या त्यांनी मढविलेल्या असतात. तो ट्रे पातळ असतो, आवाज फारसा पीत नाही. त्याचे खळगे अगदी तीक्ष्ण ध्वनी थोडे विखुरतात, एवढेच. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट शतपटींनी बरे.

पडसादाखेरीज दुसरा शत्रू गोंगाट, आणि त्यावरचे सर्वांत स्वस्त साधन रात्र. अर्देशिर इराणी यांनी १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट केला तेव्हा त्यांचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसभर गाड्या धडधडत, म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर, चित्रण करावे लागे. नटांच्या बोलण्याबरोबर गाणेही तेथेच टिपले जाई आणि मायक्रोफोन पात्रांच्या आसपास लपवावे लागत. रात्रीची ही तडजोड हिंदुस्थानातील बोलपटाच्या जन्माशीच जोडलेली आहे.

तिसरे साधन अंतर. लता मंगेशकर यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. ‘महल’ (१९४९) या चित्रपटात एक गूढ स्त्री दुरून गात जवळ येते असा भास हवा होता. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्यापाशी तो भास निर्माण करणारे यंत्र नव्हते. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात एकेक पाऊल टाकीत त्याच्याजवळ आल्या. यामागचे तत्त्व असे की मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज निम्म्यावर येतो, खोलीचा पडसाद मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून दूरचा आवाज ‘दूरचा’ वाटतो. कर्ण्याच्या काळातील गवयी पायांनी जे करीत होते तेच हे. येथे अडचणीचे अलंकारात रूपांतर झाले, इतकाच फरक.

लताबाईंचे नाव आले आणि आपोआपच आपण सिल्वासाकडे आलो. १९५४ मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडविण्याचा बेत काही तरुणांनी आखला, तेव्हा शस्त्रांसाठी पैसा हवा होता. तो उभा करण्यासाठी पुण्यात हिराबागेत लताबाईंचा कार्यक्रम झाला. या खटपटीत आघाडीवर होते सुधीर फडके. संगीतकार म्हणून त्यांचे नाव तेव्हा झालेले होते, तरी ते प्रत्यक्ष मोहिमेतही उतरले. राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, नाना काजरेकर, प्रभाकर सिनारी ही नावे या गावाला नव्याने सांगावयास नकोत. जुलैच्या उत्तरार्धात दादरा आणि नरोली मुक्त झाली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा. कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला निघून गेला आणि ११ ऑगस्टला त्याने शरणागती पत्करली.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत फडक्यांचे. सिल्वासा घेतल्यापासून पुरते आठ महिनेही झालेले नव्हते. वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, छप्पन्न गीते झाली. मराठी समीक्षेने गीतरामायणाच्या शब्दांवर आणि चालींवर पुष्कळ लिहिले. आठवड्याच्या मुदतीत नवे गीत, नवी चाल, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे निरनिराळे कंठ, आणि स्टुडिओत मोजकी यंत्रे, ही त्याची कारागिरीची बाजू आमच्या समीक्षेने दुर्लक्षिली. शब्दांच्या अभ्यासकांना दोरी, कापड आणि खिळे यांचे वावडे का असावे, हे मला कधी उमगले नाही.

सिल्वासाच्या मुक्तीतून आणखी एक वस्तू बाहेर पडली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. नगर हवेलीत पोर्तुगीज प्रशासनाचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. हुकूम पाठविण्यासाठी आलेली ती यंत्रे होती. त्यांची मोडतोड-जोडणी करून एक प्रक्षेपक तयार करण्यात आला आणि २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवरील रानातून एक गुप्त आकाशवाणी बोलू लागली. पोर्तुगीज भाषेत तिचे नाव ‘वोझ दा लिबेरदादे’, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. ती चालविली वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी. आरंभी त्यांच्यासोबत निकोलाव मिनेझिसही होते. लिबियाबाईंनी त्यापूर्वी मुंबईत आकाशवाणीत काम केले होते आणि कायद्याचा अभ्यासही केला होता. केंद्र प्रथम आंबोलीच्या परिसरात होते, नंतर कॅसलरॉकच्या रानात गेले. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, हा आवाज चालू राहिला. गोव्यात वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते. पोर्तुगीज नभोवाणी जे सांगे त्याला उत्तर याच लहरींवरून मिळे.

आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पडतो. अशा ठिकाणी मायक्रोफोनसमोर बसून स्पष्ट, न अडखळता, दोन भाषांत बोलावयाचे म्हणजे काय, हे ज्याने तेथे एक पावसाळा काढला आहे त्यालाच समजेल. भिंती नसल्या की पडसाद नसतो, हा रानाचा गुण. पण पाने, किडे, वारा आणि छपरावरचे थेंब यांचा आवाज कोठल्याही बंद खोलीपेक्षा अधिक. रानातल्या निवेदकाला तारणारी गोष्ट एकच, तोंड आणि मायक्रोफोन यांतील जवळीक. जवळ बोलले की पाऊस मागे पडतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानात बसून, विमानाला लावलेल्या ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता गोव्याच्या आकाशातून पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत सांगितली. पुढे त्यांनी विवाह केला. वामनराव भारताचे अंगोलातील राजदूत झाले आणि १९९४ मध्ये निवर्तले. लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाच्या शंभराव्या वर्षी, २०२५ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली. त्या सहा वर्षांच्या आवाजाची सुरुवात आपल्या या गावच्या दोन संचांतून झाली, हे येथील शाळेतील मुलांना ठाऊक असावयास हवे.

मायक्रोफोनच्या जवळ जाण्याची एक किंमत असते, आणि येथे मराठीच्या प्राध्यापकाला बोलण्याचा अधिकार पोहोचतो. तळहात तोंडासमोर धरून ‘पाणी’ म्हणा, मग ‘फणस’ म्हणा, मग ‘भाकर’ म्हणा. ओठांतून सुटणारा वाऱ्याचा झोत हाताला जाणवेल. प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांत ओठ मिटून एकदम उघडतात. त्यात महाप्राण मिसळला की झोत दुणावतो. ख, घ, थ, ध यांतही तो असतो, परंतु त्यांचे उच्चारस्थान आत असल्याने बाहेर पडेपर्यंत तो थोडा पसरतो. इंग्रजीत महाप्राण आणि अल्पप्राण यांनी शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ हे वेगळे शब्द आहेत, म्हणून तो झोत गिळूनही चालत नाही. श्रोत्याच्या कानाला हा झोत कळत नाही, कारण तो वीत-दीड वीत जाऊन विरतो. जवळच्या मायक्रोफोनच्या पडद्यावर मात्र तो धप्पकन आदळतो. १९३० नंतर नभोवाणीच्या स्टुडिओंत रूढ झालेल्या रिबन मायक्रोफोनमध्ये ॲल्युमिनियमची इतकी पातळ पट्टी असे की जोराच्या फुंकरीने ती ताणली वा फाटलीही जाई. असा झोत अडविण्यासाठी मायक्रोफोनपुढे तलम कापडाचा पडदा धरतात.

हा पडदा आजही घरी होतो, आणि बाजारातल्यापेक्षा वाईट होत नाही. भरतकामाची लाकडी रिंग घ्यावी, तीवर नायलॉनच्या तलम पायमोज्याचे कापड डमरूच्या कातड्यासारखे ताणून बसवावे. एका पदराऐवजी दोन पदर, मध्ये अंगठ्याच्या जाडीएवढी पोकळी ठेवून, लावले तर काम अधिक चांगले होते : पहिल्या पदराने झोत मोडतो, पोकळीत पसरतो, आणि दुसऱ्याशी येतो तेव्हा त्यात जीव उरलेला नसतो. स्वर मात्र दोन्हींतून सहज पार होतो, कारण स्वर म्हणजे वाहता वारा नव्हे, हवेची थरथर होय. पडदा मायक्रोफोनपासून चार बोटे पुढे असावा. त्याला चिकटला तर तो असून नसल्यासारखाच. सुती जाड फडके बांधू नये, त्याने ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात. आणि याहूनही स्वस्त, फुकटचाच, उपाय म्हणजे मायक्रोफोन ओठांच्या समोर न ठेवता किंचित वर किंवा बाजूला ठेवून तिरका वळविणे. झोत सरळ जातो, स्वर चहूंकडे जातो. बाजूला उभ्या असलेल्याला स्वर मिळतो आणि झोत चुकतो.

मायक्रोफोन स्वतःही एकेकाळी श्रीमंतांची वस्तू होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन शोधला. विद्युत्भार कायमचा साठवून ठेवणारे प्लास्टिकचे पापुद्रे वापरल्यामुळे त्याला मोठा वीजपुरवठा लागेना आणि तो नखाएवढा होऊ लागला. पुढच्याच वर्षी फिलिप्स कंपनीची कॅसेट आली. या दोन गोष्टींनी पुढील वीस-पंचवीस वर्षांत खेड्यापाड्यांत ध्वनिमुद्रण नेले. भजनी मंडळांनी, शाहिरांनी, लग्नघरांनी कॅसेटी भरल्या. त्यांतल्या पुष्कळ ऐकवत नाहीत, आणि दोष यंत्राचा क्वचितच असतो : रेकॉर्डर टेबलावर ठेवलेला, टेबल भिंतीला टेकलेले, भिंत उघडी, पंखा चालू, आणि गाणारी बाई पाच हात दूर.

टेबलाचा दोष वेगळा आहे. जमिनीतून आणि लाकडातून येणारे कंप हवेतून येत नाहीत, म्हणून त्यांना पडदा अडवीत नाही. त्यांवर उपाय लोंबकळणे. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पट्ट्या कापून त्यांचा झोळीसारखा फासा करावा आणि मायक्रोफोन त्यात अधांतरी ठेवावा. स्टँड म्हणून मातीने भरलेल्या डब्यात रोवलेला बांबू पुरे. जेथे जाते फिरते किंवा पाय ठेक्यात पडतात तेथे याची किंमत कळते. पुण्याला गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी १९८० नंतर जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे जे काम उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या; १९९० नंतर बर्नार बेल यांनी अनेक गावांत बायकांचे गाणे प्रत्यक्ष मुद्रितही केले. लिहिलेली ओवी दीड-दोन ओळींची असते. मुद्रित ओवीत जात्याची घरघर, दम घेण्याची जागा, दुसरीने उचललेला शेवट, हे सारे असते. मला स्वतःला ही ध्वनिमुद्रणे ऐकल्यानंतर छापील संग्रह अर्धेच वाटू लागले.

आता आपला मुलूख. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून वारल्यांच्या चालीरीतींची नोंद होत आली. त्यांची चित्रकला जगभर गेली. परंतु लग्नात चौक लिहिला जात असताना जी धवलेरी गाते तिचे गाणे चौकाइतके दूर गेले नाही. चित्राला कागद मिळाला. गाण्याला तसा कागद मिळाला नाही. धरणाने आणि कारखान्यांनी पाडे हलले, मुले शाळेत गेली, लग्नात मोठे ध्वनिक्षेपक आले. धवलेरीच्या मागे बसून झील धरणाऱ्या मुली कमी झाल्या, म्हणजे पुढची धवलेरी कमी झाली.

या लोकांना आवाज आणि पोकळी यांचे नाते शिकवावे लागत नाही. तारपा पाहा : वाळवलेला भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या, मेणाने बुजविलेले सांधे आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. गैसबर्गच्या धातूच्या कर्ण्याने जे काम केले तेच हा पानाचा कर्णा उलट दिशेने करतो, आणि पान असल्यामुळे झणझणत नाही. भगताच्या घांगळीलाही भोपळेच असतात. घराचेही तसेच. कारवीचा कूड, शेणमातीचा लेप, वर गवताचे छप्पर, अशा घरात आवाज घुमत नाही. गवत गादीचे काम करते. सिमेंटच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या नव्या घरात तोच आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. म्हणून नव्या घराच्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यासारखे बसवून म्हाताऱ्या बाईला गावयास सांगू नये. जुना कुडाचा ओटा शोधावा, नाही तर खळ्यात पेंढ्याच्या उडवीच्या आडोशाला बसावे. आपल्या गावात धाग्याचे एवढे कारखाने आहेत की टाकाऊ धागा आणि चिंध्या यांना तोटा नाही. त्या भरून केलेल्या दोन जाड गोधड्या, एक रिंग, एक ट्यूब, एक बांबू आणि खिशातला फोन एवढी सामग्री पुरे. फोनमध्ये गोंगाट आपोआप गाळण्याची सोय असते ती बंद करावी. बोलण्यासाठी केलेली ती चाळणी तारप्याचा अखंड सूर गोंगाट समजून कापू शकते. आणि वेळ रात्रीची किंवा पहाटेची घ्यावी, ट्रक थांबलेले असताना.

दोन गोष्टींची ताकीद मात्र द्यावीशी वाटते. विधीतले गाणे विधीबाहेर गाता येते की नाही, हे भगताला आणि धवलेरीला आधी विचारावे, आणि ‘नाही’ म्हटले तर फोन खिशात ठेवावा. कणसरीची कथा ही कोणाच्या हौसेसाठी नाही. दुसरे, मुद्रणाची एक प्रत त्या घरात राहिली पाहिजे, त्यांना वाजविता येईल अशा रूपात. पूर्वी गाणी जमवून नेणारे पुष्कळ झाले. परत आणून देणारे मी फारसे पाहिले नाहीत.

गोहरजान यांच्या पुकाऱ्याकडे मी परत येईन म्हणालो होतो. फोनमधील फायलीला आकडे मिळतात, नाव मिळत नाही, आणि पाच वर्षांनी कोणती फाइल कोणाची हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून कळ दाबल्यावर पहिल्यांदा गाणारीनेच, तिच्या बोलीत, आपले नाव सांगावे. पाडा, गाव, आजची तिथी किंवा तारीख, आणि हे गाणे तिला कोणी शिकविले तेही सांगावे. आजीने, मावशीने, की सासूने. मग तिला पाणी द्यावे, पंखा बंद आहे ना हे पाहावे, आणि गाऊ द्यावे.